विश्लेषण : वाजवले कुणी, नाव कुणाचे? जॉयस हॅटो प्रकरणाचा छडा ‘कानसेनां’नी कसा लावला?

इंग्लंडमधले रॉयस्टन हे लहानसे, शांत गाव. तिथे एक वयस्कर जोडपे राहते. पत्नी पियानोवादक, अनेक वर्षांपासून कर्करोगाने आजारी. पती एका छोट्या ध्वनिमुद्रण कंपनीचा मालक. एक दिवस अमेरिकेतला एक श्रोता या पत्नीची सीडी संगणकात टाकतो आणि पडद्यावर भलत्याच वादकाचे नाव उमटते. एखाद्या हेरकथेची सुरुवात वाटावी असा हा प्रसंग फेब्रुवारी २००७ मध्ये खरोखर घडला. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जगातील सर्वांत गाजलेल्या लबाड्यांपैकी एक उघडकीस आली, आणि त्यात पोलीस कुठेच नव्हते. तपास केला तो वादकांनी, संगीत समीक्षकांनी, ध्वनितंत्रज्ञांनी आणि संगीताच्या अभ्यासकांनी.

‘कोझी मिस्ट्री’ म्हणजे काय?

इंग्रजी रहस्यकथांमधला हा एक लोकप्रिय प्रकार. शब्दशः ‘उबदार रहस्यकथा’. गाव लहान, माणसे एकमेकांना ओळखणारी, रक्तपात जवळपास नाही, आणि छडा लावणारी व्यक्ती पोलीस किंवा व्यावसायिक गुप्तहेर नसून शेजारपाजारचीच कुणी तरी. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल हे त्याचे ठळक उदाहरण. या प्रकाराचे संगीताशी नाते जुने आहे. ख्रिस्ती यांनी तरुणपणी पॅरिसमध्ये पियानोचे शिक्षण घेतले होते, पण लोकांसमोर वाजवण्याच्या भीतीमुळे तो मार्ग सुटला. एडमंड क्रिस्पिन या नावाने रहस्यकथा लिहिणारे ब्रूस माँटगोमेरी तर पेशाने संगीतकारच होते. ‘कॅरी ऑन’ या विनोदी चित्रपटमालेतील सुरुवातीच्या चित्रपटांचे संगीत त्यांचेच. शेरलॉक होम्स व्हायोलिन वाजवतो, हे तर शाळकरी वाचकालाही ठाऊक असते.

वादकाला हेर बनवणे कथालेखकांना सोयीचे वाटते, कारण इतरांना ऐकू न येणारे त्याला ऐकू येते. हॅटो प्रकरणात हीच गोष्ट प्रत्यक्षात कामी आली. मात्र तोपर्यंत त्याच तयार कानांना बरीच वर्षे फसवून झाले होते.

जॉयस हॅटो कोण होत्या?

जॉयस हॅटो यांचा जन्म १९२८ मध्ये लंडनमध्ये झाला. १९५० आणि १९६० च्या दशकांत त्या मैफली करत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि ध्वनिमुद्रणेही करत. ब्रिटिश संगीतकार अर्नोल्ड बॅक्स यांच्या ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ या अवघड रचनेचे १९७० चे त्यांचे ध्वनिमुद्रण आजही नोंद घ्यावी असे मानले जाते. थोडक्यात, त्या खऱ्या आणि प्रशिक्षित वादक होत्या. पण पहिल्या फळीत त्यांचे नाव कधी नव्हते. १९७० च्या दशकातच त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. कारण सांगितले गेले कर्करोगाचे.

पती विल्यम बॅरिंग्टन-कूप यांची पार्श्वभूमी वेगळी होती. स्वस्तातल्या रेकॉर्डच्या धंद्यात ते मुरलेले होते. खरेदी कर चुकवल्याच्या प्रकरणात १९६६ मध्ये त्यांना तुरुंगवासही झाला होता. पत्नीच्या सीडी ते स्वतःच्या ‘कॉन्सर्ट आर्टिस्ट’ या नाममुद्रेखाली काढत. मैफली थांबल्यानंतर बऱ्याच वर्षांनी या सीडींचा ओघ सुरू झाला आणि पाहता पाहता संख्या शंभराच्या पुढे गेली. मोझार्ट, बीथोव्हेन, शोपां, लिस्ट, राखमानिनॉव्ह, मेसियां. ज्या रचना वाजवायला तरणेबांड वादकही कचरतात, त्या सगळ्या एका आजारी वृद्धेच्या नावावर.

समीक्षक भारावले कशामुळे?

आधी इंटरनेटवरच्या पियानोप्रेमींच्या गटांत हॅटो यांचे नाव घुमू लागले. मग अमेरिकेतील ‘बोस्टन ग्लोब’ने २००५ मध्ये त्यांच्यावर गौरवपर लेख छापला. २००६ मध्ये ‘ग्रामोफोन’ने, म्हणजे अभिजात संगीताच्या क्षेत्रात ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा ब्रिटिश मासिकाने, त्यांची दखल घेतली. जून २००६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांतील मृत्युलेखांत त्यांचा उल्लेख देशाच्या मोठ्या वादकांमध्ये झाला.

या कौतुकात संगीत किती आणि कहाणी किती, हा प्रश्न आज विचारावाच लागतो. आजारपणाने मंच सोडलेली, जगाने दुर्लक्षिलेली कलावती घराच्या मागच्या छोट्या स्टुडिओत बसून साऱ्या पियानो साहित्याला गवसणी घालते, ही कहाणी कुणालाही हलवून जाईल अशी होती. सर्वांत बोलके उदाहरण राखमानिनॉव्हच्या तिसऱ्या पियानो कन्चेर्टोचे. हॅटो यांच्या नावे निघालेले हे ध्वनिमुद्रण प्रत्यक्षात येफिम ब्रॉन्फमन यांचे होते. ब्रॉन्फमन यांची मूळ सीडी आली तेव्हा ‘ग्रामोफोन’च्या एका समीक्षकाने तिचे स्वागत हातचे राखून केले होते. पुढे तेच वादन, तेच सूर हॅटो यांच्या नावाने कानावर पडले, तेव्हा त्याच समीक्षकाने त्याची गणना उत्तमांत केली. मधल्या काळात बदलले होते ते फक्त वेष्टनावरचे नाव.

शंका कुणालाच आली नाही का?

आली. २००६ च्या सुरुवातीपासूनच काही श्रोते कुजबुजत होते. आजारी व्यक्ती इतके वाजवते कधी? ऑर्केस्ट्रासोबतच्या ध्वनिमुद्रणांवर रेने कोहलर या संचालकाचे नाव होते, पण या गृहस्थांना कुणी पाहिलेले नव्हते आणि दुसऱ्या कुठल्याच ध्वनिमुद्रणावर त्यांचे नाव आढळत नव्हते. (हा माणूस अस्तित्वातच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले.) इतका मोठा ऑर्केस्ट्रा भाड्याने घ्यायला छोट्या कंपनीकडे पैसा कुठून आला, हाही प्रश्न होताच.

खरे तर सर्वांत मोठा धागा वादनातच होता. प्रत्येक वादकाची एक खूण असते. जयपूर घराण्याची तान कोणती आणि किराण्याची आलापी कोणती, हे जाणता श्रोता नाव न सांगता ओळखतो. पियानोतही तसेच असते. बोटांचा दाब, पेडल उचलण्याची वेळ, ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास यांतून माणूस ओळखू येतो. हॅटो यांच्या सीडींमध्ये अशी एकच एक खूण सापडत नव्हती. मोझार्ट वाजवणारी बाई एक आणि मेसियां वाजवणारी दुसरीच वाटे. पण चाहत्यांनी याचाही अर्थ गुण म्हणूनच लावला: संगीतकारानुसार स्वतःला पूर्ण विरघळवून टाकणारी कलावती! जुलै २००६ मध्ये ‘ग्रामोफोन’च्या एका लेखकाने संशयितांना जाहीर आव्हान दिले. न्यायालयात टिकेल असा पुरावा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा कुणीही पुढे आले नाही.

पहिला धागा संगणकाने कसा दिला?

न्यूयॉर्क परिसरातील एका वित्त विश्लेषकाने हॅटो यांची सीडी आयट्यून्समध्ये चालवली. त्यात लिस्टच्या बारा ‘ट्रान्सेन्डेन्टल’ एट्यूड होत्या. आयट्यून्सने रचना बरोबर ओळखली, पण वादकाचे नाव दाखवले लास्लो शिमॉन. शिमॉन यांची ही सीडी स्वीडनच्या ‘बीआयएस’ कंपनीने काढलेली होती.

हे झाले कसे? बहुतेक संगीत सीडींवर गाण्यांची किंवा कलाकारांची नावे साठवलेलीच नसतात. सीडीच्या सुरुवातीला फक्त एक अनुक्रमणिका असते: एकूण तुकडे किती आणि कोणता तुकडा कुठे सुरू होतो. ही मोजणी सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत सूक्ष्म असते. आयट्यून्स ही अनुक्रमणिका ‘ग्रेसनोट’ या माहितीसाठ्याकडे पाठवते आणि तिथे जुळणाऱ्या सीडीचे नाव परत येते. दोन वेगवेगळ्या वादकांनी बारा रचना वाजवाव्यात आणि प्रत्येकीची लांबी इतकी जवळ यावी, याची शक्यता नसल्यातच जमा. याउलट, एका सीडीवरून दुसरी तयार केली असेल, तर असे जुळणे अगदी स्वाभाविक. बॅरिंग्टन-कूप यांनी वेष्टन बदलले, नाव बदलले, पण ही अनुक्रमणिका पुरेशी बदलायची राहून गेली.

मग वादक हेर कुठे आला?

माहितीसाठ्यातली नोंद चुकीची असू शकते. ग्रेसनोटमध्ये अशा चुका असतातही. त्यामुळे संगणकाने दाखवलेले नाव म्हणजे पुरावा नव्हे. या श्रोत्याने जेड डिस्टलर यांना कळवले. डिस्टलर संगीत समीक्षक आहेतच, शिवाय स्वतः पियानोवादक आणि संगीतकार आहेत. त्यांनी हॅटो आणि शिमॉन यांच्या सीडी शेजारी ठेवून एकेक रचना ऐकली. गती, आघात, आवाजाचा चढउतार, दोन्ही हातांमधला तोल अशा खुणा त्यांनी तपासल्या. बारापैकी दहा रचनांत त्यांना विलक्षण साम्य आढळले. पाचवी रचना, ‘फ फोले’, मात्र वेगळी वाटली.

इथे थोडे थांबायला हवे. घाईत असलेल्या माणसाने ‘सगळ्या सारख्याच’ असे म्हणून टाकले असते. डिस्टलर यांनी तसे केले नाही. जे वेगळे ऐकू आले ते वेगळे म्हणूनच नोंदवले. त्यामुळेच त्यांच्या उरलेल्या निरीक्षणाला वजन आले. त्यांनी ‘ग्रामोफोन’चे संपादक जेम्स इन्व्हर्न यांना कळवले आणि बॅरिंग्टन-कूप यांनाही विचारले. हे कसे झाले ते आपल्यालाही कळत नाही, असा पवित्रा बॅरिंग्टन-कूप यांनी घेतला. दरम्यान राखमानिनॉव्हची सीडी संगणकात टाकून पाहिली गेली. या वेळी पडद्यावर नाव आले ब्रॉन्फमन यांचे, आणि ऑर्केस्ट्रा संचालक म्हणून एसा-पेक्का सालोनेन यांचे. एक चूक समजून घेता येते. दुसऱ्यांदा मात्र योगायोगाचा मुद्दाच उरला नाही.

ध्वनितंत्रज्ञांनी काय सिद्ध केले?

‘ग्रामोफोन’ने दोन्ही ध्वनिमुद्रणे ‘प्रिस्टीन ऑडिओ’चे अँड्र्यू रोझ यांच्याकडे सोपवली. जुन्या रेकॉर्डचा आवाज स्वच्छ करणे हा त्यांचा व्यवसाय. रोझ यांनी दोन्हींच्या ध्वनिलहरींचे आलेख एकमेकांशी ताडून पाहिले. एकच वादक एकच रचना लागोपाठ दोनदा वाजवतो, तेव्हाही प्रत्येक सूर सेकंदाच्या काही शतांशांनी पुढेमागे पडतो. माणसाच्या बोटांचे तसेच असते. इथे मात्र आलेख सुरुवातीला जुळवले की शेवटपर्यंत हातात हात घालून चालत होते. १५ फेब्रुवारी २००७ रोजी ‘ग्रामोफोन’ने ही बातमी प्रसिद्ध केली.

त्यानंतर शोधाची साथच पसरली. जगभरचे पियानोप्रेमी आपापली कपाटे उपसू लागले आणि खरे वादक एकामागून एक सापडू लागले. काही ठिकाणी बॅरिंग्टन-कूप यांनी खूण पुसण्याचा प्रयत्न केला होता. शोपांच्या एट्यूडवर गोदोव्हस्कीने केलेल्या रचना कार्लो ग्रांते यांच्या सीडीवरून घेतल्या होत्या. त्यातल्या एका तुकड्याची गती संगणकाच्या मदतीने सुमारे १५ टक्क्यांनी कमी केली होती. सूर न बदलता गती बदलणारी सॉफ्टवेअर तेव्हा सहज मिळू लागली होती. ज्या तंत्राने खूण लपवली, त्याच तंत्राने गती पूर्ववत करून आलेख जुळवण्यात आले. ब्राम्सच्या दुसऱ्या कन्चेर्टोत वाजत होते व्लादिमीर अश्केनाझी. इतक्या नामवंत वादकाचे ध्वनिमुद्रण कुणी ओळखणार नाही, हा विश्वास कुठून आला असेल, याचे आश्चर्यच वाटते. पण तो बराच काळ खरा ठरला.

विद्यापीठातला दुसरा तपास कोणता?

या प्रकरणातला हा भाग तुलनेने कमी चर्चेत आला, पण अभ्यासकांच्या दृष्टीने तोच सर्वांत रंजक आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात निकोलस कुक आणि क्रेग सॅप हे शोपांच्या मझुर्कांचा अभ्यास करत होते. मझुर्का हा पोलंडमधला तीन मात्रांचा नृत्यप्रकार. वाजवताना या मात्रा समान ठेवत नाहीत. कुणी दुसरी मात्रा ताणतो, कुणी तिसरी. आणि ही ओढाताण प्रत्येक वादकाची स्वतःची असते. एखाद्या तबलजीचे वजन जसे ओळखू येते, तसेच हे. कुक आणि सॅप यांनी अनेक वादकांच्या ध्वनिमुद्रणांतील प्रत्येक मात्रेची लांबी मोजून त्यांची आपसात तुलना केली.

त्यांना लबाडी पकडायची नव्हती. मझुर्का वाजवण्याची शैली काळानुसार कशी बदलत गेली, हे पाहायचे होते. पण आकडेमोडीत हॅटो आणि यूजीन इंजिच यांची नावे शेजारी शेजारी येऊन बसली, आणि साम्य असे की ते दोन माणसांत असूच शकत नाही. आयट्यून्सचा इथे काहीही संबंध नव्हता. म्हणजे अमेरिकेतल्या त्या श्रोत्याने सीडी संगणकात टाकली नसती, तरी हे बिंग वेगळ्या वाटेने फुटले असते.

बॅरिंग्टन-कूप यांचे स्पष्टीकरण काय होते?

सुरुवातीला त्यांनी सगळे नाकारले. मग फेब्रुवारीच्या अखेरीस ‘बीआयएस’चे प्रमुख रॉबर्ट फॉन बार यांना पत्र लिहून कबुली दिली. त्यांचे म्हणणे असे : पत्नी खरोखर वाजवत होती, पण वेदनेने कण्हण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येई. तेवढी जागा झाकण्यासाठी तिच्या शैलीशी जुळणाऱ्या वादकांचे छोटे तुकडे जोडायला सुरुवात केली. पुढे तुकडे लांबत गेले. यासाठी त्यांनी एक जुना दाखलाही दिला. वाग्नरच्या ‘ट्रिस्टन उंड इसोल्ड’ या ऑपेराच्या १९५२ च्या ध्वनिमुद्रणात गायिका कर्स्टन फ्लागस्टाड यांच्यासाठी सर्वांत उंच सूर एलिझाबेथ श्वार्झकॉफ यांनी गायले होते. आजारी पत्नीला आपली कारकीर्द वाया गेली असे वाटू नये, एवढाच आपला हेतू होता आणि तिला यातले काही माहीत नव्हते, असेही त्यांनी लिहिले.

हा खुलासा पुराव्यांशी जुळत नव्हता. इथे कण्हणे झाकणारे तुकडे नव्हते, अख्ख्या सीडी होत्या. शिवाय हॅटो यांच्यावर उपचार करणाऱ्या रुग्णालयातील तज्ज्ञाने नंतर सांगितले की कर्करोगावरील त्यांचे उपचार १९९२ मध्ये सुरू झाले. म्हणजे १९७० च्या दशकात मैफली थांबवण्यामागे सांगितलेले कारणही डळमळीत झाले. फॉन बार यांनी दावा न करण्याचे ठरवले. या प्रकरणात कुणालाही शिक्षा झाली नाही. बॅरिंग्टन-कूप यांचे २०१४ मध्ये निधन झाले. त्याआधी २०१२ मध्ये बीबीसीने व्हिक्टोरिया वुड यांनी लिहिलेला ‘लव्हिंग मिस हॅटो’ हा चित्रपट दाखवला होता. त्यातही भर गुन्ह्यावर नसून या दांपत्याच्या संसारावर आहे.

नुकसान कुणाचे झाले?

पैशांच्या हिशेबात फार नाही. त्या सीडी लाखांनी खपणाऱ्या नव्हत्या. नुकसान झाले ते शिमॉन, ग्रांते, इंजिच यांच्यासारख्या वादकांचे. आयुष्यभर मेहनत करूनही त्यांच्या वाट्याला मोजकीच प्रसिद्धी आली आणि त्यांच्याच कामाची स्तुती दुसऱ्याच्या नावावर जमा झाली.

संगीतातली प्रत्येक बनवेगिरी अशी नसते, हेही नोंदवायला हवे. विख्यात व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लर अनेक वर्षे पुन्यानी, कुपरां अशा जुन्या संगीतकारांच्या ‘हरवलेल्या’ रचना मैफलीत वाजवत. १९३५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक ओलिन डाउन्स यांनी एका रचनेचे मूळ हस्तलिखित शोधण्याचा प्रयत्न केला. ते कुठेच मिळेना, म्हणून त्यांनी थेट क्रायस्लर यांनाच विचारले. त्या रचना आपल्याच आहेत, हे क्रायस्लर यांनी सरळ मान्य केले. तिथे एका कलावंताने स्वतःचे काम दुसऱ्याच्या नावावर दिले होते. रॉयस्टनमध्ये घडले ते नेमके उलट.

आज हे शक्य आहे का?

याच पद्धतीने करणे अवघड आहे. शॅझमसारखी ॲप काही सेकंदांचा आवाज ऐकून ध्वनिमुद्रण ओळखतात. यूट्यूबवर टाकलेला प्रत्येक आवाज आधीच्या साठ्याशी ताडला जातो. पण ही सगळी यंत्रणा मूळ प्रत कुठे तरी अस्तित्वात आहे, या गृहीतकावर उभी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्याने घडवलेल्या वादनाला मूळ प्रतच नसते. जुळवणार कशाशी? तिथे पुन्हा ‘हा हात कुणाचा’ हे ऐकून सांगणाऱ्या कानावरच भिस्त येते.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न सोप्या रीतीने सोडवला होता. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गायन केले, तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव उच्चारत. मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना कोणत्या रेकॉर्डवर कोणते लेबल लावायचे ते कळावे, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडच्या त्या काळातील इतर अनेक गायक-गायिकांच्या रेकॉर्डवरही अशी नावे ऐकू येतात.

न सुटलेले रहस्य कोणते?

जॉयस हॅटो यांना हे माहीत होते का? पतीने शेवटपर्यंत ‘नाही’ असेच सांगितले. परंतु हॅटो यांनी अखेरच्या वर्षांत पत्रकारांना दूरध्वनीवरून मुलाखती दिल्या होत्या आणि त्या ध्वनिमुद्रणांविषयी त्या आपलीच म्हणून बोलल्या होत्या. आपण कधीही न वाजवलेल्या रचनांचे कौतुक स्वीकारताना त्यांच्या मनात काय होते, हे सांगू शकणारी दोन्ही माणसे आता हयात नाहीत. बॅक्सचे १९७० चे ते ध्वनिमुद्रण मात्र आजही ऐकता येते. त्यात पियानोवर हॅटोच आहेत.